'कोरोनात तर आले होते, मग आता का नाहीत?' – पीएम किसानचा अडकलेला हप्ता सोडवायची रीत

आमच्या सेवा केंद्राच्या काउंटरवर हा प्रश्न आठवड्यातून चार-पाच वेळा तरी येतोच. "लॉकडाऊनमध्ये दोन हजार आपसूक आले होते. ना अर्ज, ना चक्कर. आता काय बिघडलं?" मध्यंतरी एक मामा आले. पिशवीतून त्यांनी ई-केवायसीच्या (आधारवरून ओळख पटवण्याच्या) सात पावत्या काढून टेबलावर मांडल्या, सात वेळा पैसे मोजून केलेल्या. त्यांची ई-केवायसी पहिल्याच वेळी झाली होती. घोडं अडलं होतं सातबाऱ्यावर, आणि तिकडे कोणी पाहिलंच नव्हतं.

मामांच्या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात असं. २६ मार्च २०२० ला केंद्राने गरीब कल्याण पॅकेज जाहीर केलं आणि पीएम किसानचा दोन हजारांचा हप्ता एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून घाईने सोडला. तेव्हाच्या याद्या २०१९ मध्ये गावपातळीवर तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायकांनी भरलेल्या होत्या आणि पैसे पासबुकावरच्या खाते क्रमांकावर जात होते. नंतर नियम आवळले. १२व्या हप्त्यापासून जमिनीची नोंद जोडणं सक्तीचं झालं, १३व्यापासून पैसे आधारवर जायला लागले आणि १५व्यापासून ई-केवायसीशिवाय हप्ता बंद झाला. २०२० मध्ये खपून गेलेली चूक या तीनपैकी एका चाळणीत अडकते. कोणत्या, ते आधी शोधायचं. म्हणून पुढचे टप्पे याच क्रमाने करा. मधलाच एखादा उचललात तर मामांसारख्या पावत्या जमतील.

## घरून निघण्याआधी

एक पुठ्ठ्याची फाइल करा आणि तिच्यात हे ठेवा:

- पती-पत्नी दोघांचं आधार. एकाचं चालत नाही, कारण योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि १८ वर्षांखालची मुलं.
- आधारला जोडलेला मोबाइल, चालू सिम घालून. ओटीपी त्याच्यावरच येतो.
- डिजिटल सही असलेला सातबारा आणि आठ-अ (गावातल्या तुमच्या सगळ्या गटांचा एकत्र उतारा). महाभूमीच्या साइटवर सातबारा १५ रुपयांत निघतो. भूलेखवर फुकट दिसणारा उतारा फक्त बघण्यापुरता असतो, तो अर्जाला जोडू नका.
- ज्या फेरफाराने (हक्क बदलल्याच्या महसुली नोंदीने) जमीन तुमच्या नावावर आली त्याची प्रत. हा कागद बहुतेकांकडे नसतो आणि नेमका हाच मागितला जातो.
- तुमच्या नावावर असलेल्या सगळ्या बँक खात्यांची पासबुकं. सगळ्या म्हणजे खरोखर सगळ्या, अगदी गॅसच्या सबसिडीसाठी कधीतरी उघडून विसरलेलं खातंसुद्धा.
- रेशनकार्ड.
- एक साधी वही. कोणत्या तारखेला कुठे गेलो, कोण काय म्हणालं, हे तिच्यात लिहायचं.

सिम बंद पडलं असेल किंवा नंबर मुलाच्या नावाने गेला असेल, तर आधी आधार केंद्रावर जाऊन मोबाइल नंबर बदलून घ्या. त्याशिवाय ओटीपीची कामं पुढे सरकत नाहीत.

## टप्पा १ : स्टेटस पाहा आणि तीन ओळी वहीत उतरवून घ्या

पीएम किसानच्या साइटवर 'फार्मर्स कॉर्नर'मध्ये 'नो युअर स्टेटस' असं बटण आहे. त्याला नोंदणी क्रमांक लागतो. तो आठवत नसेल तर तिथेच 'नो युअर रजिस्ट्रेशन नंबर'वर जाऊन मोबाइल किंवा आधार टाकून काढता येतो.

पान उघडलं की बहुतेक जण थेट खाली हप्त्याकडे पाहतात आणि "नाही आला" म्हणून बंद करतात. तसं करू नका. हप्त्याच्या वर पात्रतेच्या तीन ओळी असतात:

लँड सीडिंग (जमिनीची नोंद जोडलेली आहे का) – यस किंवा नो
ई-केवायसी – यस किंवा नो
आधार बँक अकाउंट सीडिंग – यस किंवा नो

या तिन्ही जशाच्या तशा वहीत लिहा, शेजारी तारीख टाका. त्याखाली शेवटच्या हप्त्याची माहिती असते: एफटीओ (पैसे पाठवण्याचा आदेश) झाला का, कोणत्या बँकेत गेला, नाकारला असेल तर कारण काय. कारण इंग्रजीत असतं, ते तसंच उतरवा किंवा पानाची प्रिंट काढा. कार्यालयात "हप्ता येत नाही" एवढंच सांगितलं तर "येईल, थांबा" एवढंच उत्तर मिळतं. "लँड सीडिंग नो दाखवतंय" म्हटलं की समोरचा फाइल उघडतो.

तपासा : तिन्ही ओळी 'यस' आहेत आणि एफटीओही झालाय? मग पैसे निघालेत, फक्त तुम्ही पाहताय त्या खात्यात आलेले नाहीत. टप्पा २ वाचा.

तपासा : नोंदणीच सापडत नाही? मग तुमचा विषय हप्ता अडकण्याचा नाही, नवीन नोंदणीचा आहे. टप्पा ४, ५ आणि ६ वाचून मगच अर्ज भरा.

हप्त्याचे चार-चार महिन्यांचे काळ ठरलेले आहेत: एप्रिल ते जुलै, ऑगस्ट ते नोव्हेंबर, डिसेंबर ते मार्च. पण पैसे पडण्याची तारीख त्यातच असेल असं नाही. २०२५ चा एप्रिल-जुलैचा २०वा हप्ता २ ऑगस्टला पडला. त्यामुळे गावात कोणालाच आला नसेल, तर तुमचं काही अडलेलं नाही, हप्ताच सुटलेला नाही.

## टप्पा २ : पैसे कोणत्या खात्यात जाताहेत ते शोधा

इथे सगळ्यात मोठा घोळ एका शब्दाचा आहे. बँकेत आधारची झेरॉक्स दिली की लोक म्हणतात "आधार लिंक केलं". ते खात्याचं केवायसी झालं. सरकारी पैसे यायला लागतं ते सीडिंग, म्हणजे तुमच्या आधारसमोर एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) यादीत त्या बँकेचं नाव चढणं. या यादीत एका आधारपुढे एका वेळी एकच बँक असते. शेवटी जिचं सीडिंग झालं ती बँक, मग तुम्ही अर्जात कोणताही खाते क्रमांक लिहिलेला असो.

आमच्याकडच्या एका आजींचं असंच झालं. त्यांचं सोसायटीच्या कर्जापायी जिल्हा बँकेत खातं. नातवाने मधे मोबाइलवरून दुसऱ्या बँकेचं खातं उघडून दिलं, उघडताना 'सरकारी अनुदान या खात्यात घ्यायचं का' या चौकोनावर टिक केली. तेव्हापासून आजी दर हप्त्याला जिल्हा बँकेत पासबुक भरून घेत होत्या आणि पैसे दुसरीकडे साचत होते. हप्ता एकदाही चुकला नव्हता.

काय करायचं :

१. आधारच्या साइटवर ओटीपी टाकून 'बँक सीडिंग स्टेटस' पाहा. बँकेचं नाव दिसतं आणि सीडिंग चालू आहे की बंद तेही दिसतं.

२. दिसलेल्या बँकेत तुमचं खातं असेल तर आधी तिथलं पासबुक भरून घ्या. वाद घालण्याआधी एवढं कराच.

३. बँक बदलायची असेल तर हव्या त्या बँकेत आधार सीडिंग आणि डीबीटी (सरकारी पैसे थेट खात्यात) संमतीचा फॉर्म भरा. "केवायसी करा" म्हणू नका, "डीबीटीसाठी एनपीसीआय सीडिंग करा" असं म्हणा. पोच घ्या.

४. काही दिवसांनी पुन्हा तेच स्टेटस पाहा. बँकेतला माणूस "झालं" म्हणाला एवढ्यावर विसंबू नका.

बँकेत हेलपाटे नको असतील तर पोस्टमनकडून इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं घरबसल्या उघडता येतं आणि सीडिंगही तिथेच होतं. वयस्कर माणसांना मी हाच रस्ता सांगतो.

सावध : पीक कर्जाचं खातं देऊ नका, बचत खातं द्या. दोन वर्षं व्यवहार न झालेलं खातं बँक निष्क्रिय करते, तेही आधी चालू करून घ्या.

सावध : देना बँक बँक ऑफ बडोद्यात गेली, २०२० मध्ये आणखी सरकारी बँका एकत्र झाल्या आणि आयएफएससी बदलले. कोरोनातला हप्ता जुन्या कोडवर आला होता म्हणून आता पोर्टलवर कोड बदलायला लोक धडपडतात. पैसे आधारवर जात असल्याने त्याची गरज नाही. सीडिंग बघा, कोड नको.

## टप्पा ३ : ई-केवायसी, एकदाच

स्टेटसमध्ये 'यस' असेल तर हा टप्पा सोडून द्या. कोणी कितीही सांगितलं तरी पुन्हा करू नका.

'नो' असेल तर तीन वाटा आहेत. मोबाइल आधारला जोडलेला असेल तर साइटवर ओटीपीने घरीच होते. नसेल तर सेवा केंद्रात अंगठा लावून. आणि अंगठा उमटतच नसेल, जो आयुष्यभर खुरपं-विळा धरलेल्या हातांचा नेहमीचा प्रश्न आहे, तर पीएम किसानच्या अ‍ॅपवर चेहरा दाखवून. चेहऱ्याची सोय २०२३ मध्ये आली. विशेष म्हणजे स्वतःची झाली की एक शेतकरी आपल्या फोनवरून आणखी १०० जणांची करू शकतो. गावात एखादं पोरगं तयार झालं तर गल्लीचं काम एका दुपारी उरकतं. चेहरा दाखवताना दारात, उजेडाकडे तोंड करून बसवा. टोपी, पदर कपाळावरून मागे घ्या.

तपासा : झाल्यावर लगेच 'यस' दिसत नाही. एक-दोन दिवसांनी पाहा. त्याच संध्याकाळी दुसऱ्या केंद्रात जाऊन पुन्हा अंगठा लावू नका.

## टप्पा ४ : जमीन

खरी गुंतागुंत इथे आहे. आधी योजनेची एक तारीख लक्षात घ्या: १ फेब्रुवारी २०१९. त्या दिवशी जमीन ज्याच्या नावावर होती तो पात्र. त्यानंतर विकत घेतलेल्या, बक्षीसपत्राने किंवा वाटणीने आलेल्या जमिनीवर हप्ता मिळत नाही. अपवाद एकच, खातेदार वारल्यामुळे वारसाने आलेली जमीन. कसणारा कोण हे योजना पाहत नाही, उताऱ्यावर नाव कोणाचं ते पाहते. म्हणून बटईने करणाऱ्याला ती नाही, आणि बिनशेती केलेल्या गटावरही नाही.

आता सातबारा समोर घ्या. वरच्या भागात भोगवटादारांची नावं आहेत. तुमच्या नावाच्या ओळीत उजवीकडे 'फे.फा.' असा रकाना दिसेल आणि त्यात कंसात एक आकडा. तो तुमचा फेरफार क्रमांक. त्या फेरफाराची प्रत काढा आणि तारीख बघा. नवा फेरफार ऑनलाइन मिळतो, जुन्या हस्तलिखितांचे स्कॅन बऱ्याच ठिकाणी 'आपले अभिलेख' साइटवर आहेत, नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षात नक्कल मागावी लागते. पुढचा सगळा निकाल त्या एका तारखेवर आहे.

नेहमी दिसणारे प्रकार असे:

वडील वारले, हप्ता बंद. वडिलांच्याच नोंदणीत आपला मोबाइल आणि आधार घालून चालवायचा प्रयत्न बहुतेक घरांत होतो. तो करू नका, आधार जुळत नाही आणि नोंद कायमची अडकते. क्रम असा: मृत्यूचा दाखला, वारस नोंदीचा अर्ज (तलाठ्याकडे किंवा महसूलच्या ई-हक्क साइटवर), नोटिशीचे १५ दिवस, कोणाची हरकत नसेल तर मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी, सातबाऱ्यावर नाव. त्यानंतर तुमच्या आधारावर नवीन नोंदणी. जोडताना वडिलांच्या नावाचा २०१९ आधीचा फेरफार आणि तुमचा वारस फेरफार असे दोन्ही जोडा. एकच जोडला की जमीन अलीकडे आलेली दिसते आणि अर्ज परत येतो. एप्रिल २०२५ पासून राज्यात 'जिवंत सातबारा' मोहीम चालली, तिच्यात बऱ्याच वारस नोंदी लागल्या. तुमची राहिली असेल तर तलाठ्याला त्या मोहिमेचं नाव घेऊन विचारा. आणि वडील गेल्यानंतरही त्यांच्या खात्यात हप्ते पडत राहिले असतील तर ते परत करावे लागतात, गप्प बसून जिरत नाहीत.

वडील हयात, वाटणी २०२१ ची. लॉकडाऊनमध्ये शहरातून पोरं गावी आली, घराघरात वाटण्या झाल्या. तिघा भावांच्या नावावर जमीन चढली आणि तिघांनी नोंदणी केली. हा वारसा नाही, हयातीतलं हस्तांतरण आहे. तलाठ्याने किंवा आमच्यासारख्या केंद्रवाल्याने "भरून टाका, बघू" म्हटलं तरी भरू नका. नंतर वसुली तुमच्याकडून होते, त्याच्याकडून नाही.

'एकुम' आणि 'अपाक'. नावापुढे 'एकुम' लिहिलं असेल तर तो माणूस एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून उताऱ्यावर आहे. बाकीच्या भावांची नावं मालक म्हणून नाहीतच, किंवा सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात पडलीत. मग हप्ता थोरल्यालाच येतो आणि धाकटे म्हणतात आमचा कुठे गेला. 'अपाक' म्हणजे अज्ञान पालनकर्ता: जमीन तेव्हा अज्ञान (१८ वर्षांखालच्या) असलेल्या मुलाची, नाव पालकाचं. तो मुलगा आज चाळिशीत असतो आणि शेरा तसाच. दोन्ही शेरे कमी करायला तलाठ्याकडे अर्ज आणि जुना फेरफार लागतो. जुन्या फेरफारात सगळ्या भावांची नावं सापडली तर तो पुरावा २०१९ च्या कितीतरी आधीचा असतो, म्हणून हे काम करण्यासारखं आहे.

नाव जुळत नाही. उताऱ्यावर 'बाळू', आधारवर 'बाळासाहेब'. लेकीच्या बाबतीत उताऱ्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. पोर्टलवरचं नाव आधारप्रमाणे करायची सोय साइटवरच आहे, पण सातबाऱ्यावरचं नाव तिथे बदलत नाही. संगणकीकरणात टंकलेखनाची चूक झाली असेल, म्हणजे हस्तलिखित उताऱ्यावर बरोबर आणि ऑनलाइनवर चूक, तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज करा आणि जुना हस्तलिखित उतारा जोडा. माहेर-सासरच्या नावासाठी लग्नाची नोंद किंवा राजपत्र सोबत ठेवा.

सगळं बरोबर, तरी 'नो'. असंही होतं. २०१९ च्या यादीत गट क्रमांक किंवा खाते क्रमांक चुकीचा भरलेला असतो, किंवा शेजारच्या गावाच्या नावाखाली. कोरोनातल्या हप्त्याला त्याने फरक पडला नाही, कारण तेव्हा कोणी उतारा ताडून पाहत नव्हतं. यात तुम्हाला घरून काही करता येत नाही. टप्पा ७ कडे जा.

तपासा : अर्जाआधी फाइलीत सातबारा, आठ-अ आणि फेरफार या तिन्हींवर नाव, गट आणि गाव सारखं आहे का, बोट ठेवून ताडून पाहा.

## टप्पा ५ : आपण मुळात बसतो का?

हा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी विचारतात. विचारायला हवा आधी, पण कबूल आहे, स्वतःलाच नाही म्हणणं अवघड जातं.

मागच्या वर्षी आयकर भरलेला, सरकारी नोकरीत असलेला किंवा निवृत्त (चतुर्थ श्रेणी सोडून), महिन्याला दहा हजार किंवा जास्त पेन्शन घेणारा, नोंदणीकृत डॉक्टर, वकील, इंजिनिअर, सीए म्हणून व्यवसाय करणारा, आमदार-खासदार, जिल्हा परिषदेचा अध्यक्ष, परदेशात राहणारा अनिवासी: यांच्यापैकी कोणी कुटुंबात असेल तर ते कुटुंब बसत नाही. कुटुंब म्हणजे वर सांगितलेलं, पती-पत्नी आणि अज्ञान मुलं. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आणि जमीन नवऱ्याच्या नावावर, तरी नाही. पण मुलगा तिशीतला, पुण्यात नोकरीला आणि कर भरणारा, तर त्याच्यामुळे वडिलांचा हप्ता जात नाही.

आयकराबद्दल एक गैरसमज काढून टाका. कर्जासाठी किंवा ट्रॅक्टरच्या फायनान्ससाठी रिटर्न भरलं आणि कर शून्य आला, तर तुम्ही कर 'भरलेला' नाही. अडवणारी गोष्ट प्रत्यक्ष भरलेला कर आहे. रिटर्नची पोच फाइलीत ठेवा, विचारलं तर दाखवता येते.

नवरा-बायको दोघांच्या नावावर वेगवेगळी जमीन आणि दोघांनाही हप्ता, हे कोरोनाच्या वर्षात सर्रास चाललं. आता अशा जोड्या आणि १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन मिळालेले लोक संशयित म्हणून बाजूला काढून प्रत्यक्ष पडताळणी होईपर्यंत दोघांचंही थांबवतात. स्टेटसमध्ये पडताळणीचा उल्लेख दिसला तर ई-केवायसीने काहीच होणार नाही. दोघांची आधार आणि रेशनकार्ड घेऊन कृषी कार्यालयात जा आणि एकाचं नाव ठेवा.

सावध : साइटवर योजना सोडून द्यायचं 'व्हॉलंटरी सरेंडर' असंही बटण आहे. हप्ता अडलाय म्हणून सगळी बटणं दाबून पाहणाऱ्यांनी ते दाबलेलं मी पाहिलंय. इंग्रजी वाचता येत नसेल तर वाचणारा शेजारी बसवल्याशिवाय काही दाबू नका.

अपात्र असताना पैसे आलेत असं लक्षात आलं तर नोटिशीची वाट पाहू नका. साइटवर ऑनलाइन परत करायची सोय आहे. भरल्याची पावती जपून ठेवा, तहसीलच्या यादीतून नाव निघायला तीच लागते.

## टप्पा ६ : फार्मर आयडी

नवीन नोंदणीला जानेवारी २०२५ पासून महाराष्ट्रात शेतकरी ओळख क्रमांक लागतो, आणि एप्रिल २०२५ पासून राज्याच्या इतर कृषी योजनांनाही. हप्ता चालू असलेल्यांनीही काढून ठेवावा. सेवा केंद्रात आधार, मोबाइल आणि आठ-अ घेऊन जा.

चूक एकच, पण महागात पडणारी: गावातला एक गट टाकून लोक उठतात. शेजारच्या शिवारातले, दुसऱ्या तालुक्यातले, सामाईक असलेले, सगळे गट टाका. आठ-अ प्रत्येक गावाचा वेगळा असतो, म्हणून जितकी गावं तितके उतारे न्या. शेवटी ई-साइन झाल्याशिवाय अर्ज पूर्ण होत नाही, त्याआधी स्क्रीन बंद करू देऊ नका.

## टप्पा ७ : अर्ज कोणाकडे आणि कसा

इथपर्यंत येऊन अडलेली ओळ तुम्हाला माहीत झालेली आहे. आता दार निवडा. सातबारा, फेरफार, वारस, नावदुरुस्ती हे महसूलचं काम, म्हणजे तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) आणि तहसील. पोर्टलवरची नोंद, लँड सीडिंगची खूण, पडताळणी, नवीन नोंदणीची मंजुरी यासाठी तालुका कृषी कार्यालय. खातं आणि सीडिंग बँकेचं. चुकीच्या दारात गेलात की दोन्ही कार्यालयं एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि खरं सांगायचं तर दोघांचंही त्यात काही चुकत नाही.

अर्ज एका पानाचा असावा. वर नाव, गाव, गट क्रमांक, नोंदणी क्रमांक. मग एकच मागणी, उदाहरणार्थ: "माझ्या नोंदणीत लँड सीडिंग 'नो' दिसत आहे. सोबतच्या सातबारा व फेरफारानुसार जमीन १ फेब्रुवारी २०१९ पूर्वीपासून माझ्या नावे आहे. कृपया नोंद दुरुस्त करावी." खाली जोडलेल्या कागदांची यादी. घरची परिस्थिती, दुष्काळ, कर्ज यातलं काही लिहू नका. वाचणाऱ्याला त्यातून तुमचा गट क्रमांक शोधावा लागतो.

दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. शिक्का नसलेल्या प्रतीवर पाठपुरावा होत नाही.

पंधरा दिवसांनी स्टेटस पाहा. 'नो' तसंच असेल तर आवक क्रमांक घेऊन जा. महिनाभरात हललं नाही तर हेल्पलाइन १५५२६१ वर नोंदणी क्रमांक सांगून तक्रार करा. साइटवरचा 'किसान ई-मित्र' मराठीतही उत्तर देतो, साध्या प्रश्नाला तो पुरतो. त्यापुढे केंद्राचं सार्वजनिक तक्रार पोर्टल. तक्रारीत शिक्क्याच्या प्रतीचा फोटो जोडा.

## मागचे हप्ते आणि नमोचे पैसे

नोंदणी जुनी आहे आणि ई-केवायसी, सीडिंग किंवा जमिनीच्या नोंदीमुळे थांबली होती, तर दुरुस्तीनंतर अडकलेले हप्तेही सुटतात. एकदम पडतील असं नाही, वाट पाहावी लागते. पण ज्याची नोंदणीच आता झाली, त्याला नोंदणीच्या काळापासून पुढचे. २०२० चे दोन हजार मागायला कोणी अर्ज भरून देतो म्हणाला तर तो तुमच्याकडून अर्जाचे पैसे घेणार, एवढंच.

राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचा पहिला हप्ता ऑक्टोबर २०२३ मध्ये शिर्डीला सुटला. त्याला वेगळा अर्ज नाही. पीएम किसानमध्ये पात्र असलेल्यालाच तो येतो, त्यामुळे इकडची गाठ सुटली की तिकडचीही सुटते. दोन्ही एकाच दिवशी येतीलच असं नाही. नमोचं स्टेटस वेगळ्या साइटवर दिसतं, पीएम किसानच्या पानावर शोधू नका.

## व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाइल

हप्त्याची तारीख जवळ आली की गावाच्या ग्रुपवर 'पीएम किसान' नावाची एपीके फाइल फिरायला लागते. पाठवणारा बहुतेकदा ओळखीचाच असतो, कारण त्याचा फोन आधीच त्यांच्या ताब्यात गेलेला असतो. ती फाइल टाकली की ओटीपीचे मेसेज परस्पर वाचले जातात आणि खातं रिकामं होतं. अ‍ॅप फक्त प्ले स्टोअरवरून घ्या. फाइल चुकून टाकलीच असेल तर आधी फोन विमान मोडवर टाका, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं बंद करून घ्या आणि १९३० वर तक्रार नोंदवा. फोन रिसेट त्यानंतर करा.

त्या सात पावत्यांच्या मामांचा फेरफार १९९४ चा निघाला, नावापुढे 'एकुम'. तलाठ्याकडचा अर्ज त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला आणि त्याची शिक्क्याची प्रत आता सात पावत्यांच्या वर ठेवली आहे.